फिलाडेल्फियाच्या भिंती कशा बघाव्यात

मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिने राहायला आलेल्या आई-बाबांसाठी हे लिहितोय. न्यू जर्सीत, पेनसिल्व्हेनियात, डेलावेअरमध्ये आपली माणसं भरपूर आहेत. शनिवार-रविवारी पोरं तुम्हाला लिबर्टी बेल दाखवतात, देवळात नेतात, आउटलेट मॉलमध्ये फिरवतात. सोमवार उजाडला की घरात तुम्ही दोघं आणि डिशवॉशर. अशा वारी फिलाडेल्फियाला जायचं आणि भिंती बघायच्या. खर्च गाडीभाड्याचा, आणि पाय चालते हवेत.

मिरजेत फ्लेक्स येईपर्यंत मी बोर्ड लिहायचो. दुकानांचे, ट्रकच्या फाळक्यांचे, निवडणुकीच्या दिवसांत भिंतींचे. त्यामुळे मी इथल्या चित्रांकडे बघतो ते कारागिराच्या नजरेनं. कलेच्या पुस्तकातलं मला फारसं कळत नाही. पण भिंत कळते. या शहरात चार हजारांवर भित्तिचित्रं झालेली आहेत आणि ती बघायची माझी रीत एकच आहे: आधी भिंत बघायची, मग चित्र.

भिंत उघडी का पडली?

फिलाडेल्फिया हे एकाला एक चिकटलेल्या विटांच्या घरांचं शहर. दोन घरांमध्ये सामाईक भिंत, समोर तीन-चार पायऱ्या, त्या थेट फुटपाथवर. १९५० साली इथं जवळपास २०.७ लाख माणसं राहत होती. कारखाने बंद पडले, ज्यांना जमलं ते उपनगरात गेले, आणि २००० सालच्या जनगणनेत आकडा १५.२ लाखांवर आला. माणसं गेली की घरं ओस पडतात, ओस घरं महापालिका पाडते. रांगेतलं एक घर पाडलं की शेजारच्या घराची कधीच ऊन न पाहिलेली बाजू उघडी पडते. तिच्यावर गिलावा चढवतात, आणि चित्रकाराला तीन मजली कोरी जागा मिळते.

म्हणून चित्रासमोर गेलात की आधी पायाखालची जागा बघा. गवत असेल, गाड्या लावलेल्या असतील किंवा छोटी बाग असेल. तिथं कुणाचं तरी घर होतं. चित्र नसलेल्या भिंतींवर तर जुन्या जिन्याची तिरकी रेघ, धुराड्याचा काळा पट्टा, एखाद्या खोलीचा निळा-हिरवा रंग अजून दिसतो. मला कधी कधी रंगवलेल्या भिंतीपेक्षा त्याच जास्त बोलक्या वाटतात.

याची दुसरी बाजूही आहे. आता काही वस्त्यांत जागेला परत भाव आलाय. मोकळ्या जागेवर चार मजली इमारत उभी राहते आणि मागचं चित्र कायमचं झाकलं जातं. भिंत एकाची, पुढची जागा दुसऱ्याची, त्यामुळे चित्रकाराला बोलायला जागा नसते. इंटरनेटवर फोटो बघून एखादं चित्र शोधत गेलात आणि तिथं नुसत्या काचेच्या खिडक्या दिसल्या, तर पत्ता चुकला असं समजू नका.

सुरुवात चिमट्यापासून

कुठल्याही गावातून रेल्वेनं आलात तरी सिटी हॉलजवळ या. पंधरावा रस्ता आणि मार्केट स्ट्रीट जिथं मिळतात तिथं पंचेचाळीस फूट उंचीचा कपड्याचा चिमटा उभा आहे. क्लेस ओल्डनबर्ग या शिल्पकारानं तो १९७६ साली केला. गंजल्यासारखं दिसणारं ते पोलाद मुद्दामच तसं आहे, वरचा गंजाचा थर आतल्या धातूला राखतो. समोर सिटी हॉलवर अलेक्झांडर मिल्न काल्डरनं घडवलेल्या अडीचशेवर मूर्ती, शेंड्यावर हे शहर वसवणारा विल्यम पेन, आणि त्याच्या पुढ्यात हा चिमटा! हा विनोद पचवायला शहराला थोडा वेळ लागला म्हणतात.

तो तिथं कसा आला हे माहीत असलेलं बरं. १९५९ सालापासून या शहरात नियम आहे की पुनर्विकासाच्या जागेवर बांधकाम करणाऱ्यानं खर्चाचा एक टक्का तरी कलेवर घालवायचा. अमेरिकेत असा नियम करणारं हे पहिलं शहर. म्हणजे मध्यवर्ती भागातली शिल्पं बिल्डरच्या पैशातून आली, आणि वस्त्यांतली भित्तिचित्रं निराळ्याच वाटेनं. चिमट्याजवळ पाच मिनिटं थांबून खाली स्टेशनात उतरा.

पहिला धडा गाडीत बसून

गुडघे दुखत असतील तर एवढंच करा, तरी दिवस वसूल होईल. मार्केट स्ट्रीटवरून पश्चिमेला जाणाऱ्या गाडीला लोक ‘एल’ म्हणतात. बँकेचं कार्ड दारावर टेकवलं की आत जाता येतं. एकोणसत्तराव्या रस्त्याकडे जाणाऱ्या गाडीत चढा आणि उजव्या खिडकीशी बसा. चाळिसाव्या रस्त्यानंतर गाडी जमिनीखालून वर येते आणि घरांच्या छपरांच्या उंचीवरून धावू लागते. तिथून त्रेसष्टाव्या रस्त्यापर्यंत भिंतींवर अक्षरं दिसत राहतील.

स्टीव्ह पॉवर्सनं हे काम २००९ साली केलं. सुमारे पन्नास भिंती, आणि सगळ्या मिळून एका माणसानं एका बाईला लिहिलेलं प्रेमपत्र. एक भिंत म्हणते, बावन्नाव्या रस्त्यावर भेट, पन्नास सेकंद का होईना. आणि बावन्नावा रस्ता हे त्या गाडीचं खरंच एक स्टेशन आहे. पॉवर्स याच पश्चिम भागात वाढला. तरुणपणी भिंती रंगवून पळणाऱ्यांतला होता, पुढं न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला जत्रेतल्या खेळांचे बोर्ड रंगवण्याचं काम त्यानं उभं केलं. हे प्रेमपत्र लिहिताना त्यानं वस्तीत बोर्ड रंगवण्याचं दुकानच थाटलं होतं आणि मार्केट स्ट्रीटवरच्या दुकानदारांना पाट्या फुकट रंगवून दिल्या. हे कळल्यावर माझा त्याच्याबद्दलचा आदर दुप्पट झाला. फुकट पाटी रंगवून घेणारं गिऱ्हाईक किती खुसपटं काढतं ते मला विचारा.

अक्षरांत काय बघायचं ते सांगतो. चालत्या गाडीतून वाचायचं अक्षर जाड लागतं, दोन शब्दांत हवा जास्त लागते, आणि रंग दोन किंवा तीनच. पॉवर्सनं हे पाळलंय. एका स्टेशनावर उतरून तीच भिंत उभ्यानं बघा, अक्षरं अंगावर येतील. पुन्हा गाडीतून बघा, बरोबर बसतील. बावन्नाव्या रस्त्याच्या फलाटावर उतरून मागची पुढची गाडी जाऊ द्या, घाई करू नका. शेवटच्या स्टेशनावरून परत येतानाही उजव्याच खिडकीशी बसा, म्हणजे राहिलेली बाजू दिसेल. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी पाचनंतर गाडीला गर्दी असते, खिडकी मिळणार नाही.

प्रेमासाठी भिंत रंगवायचा प्रघात मात्र पॉवर्सचा नाही. १९६० च्या दशकात डॅरिल मॅक्रे नावाचा पोरगा ‘कॉर्नब्रेड’ हे टोपणनाव शहरभर लिहीत सुटला होता, आणि त्यातलं पुष्कळसं एका मुलीचं लक्ष वेधायला. आज जिला ग्राफिटी म्हणतात तिच्या पहिल्या शिलेदारांत त्याचं नाव घेतात. पुढं हे इतकं वाढलं की १९८४ साली महापौर विल्सन गुड यांनी ग्राफिटीविरोधी मोहीम काढली. त्यात जेन गोल्डन या चित्रकर्तीला पोरांबरोबर काम करायला घेतलं. भिंती खराब करणार नाही असं लिहून देणाऱ्या पोरांच्या हातात तिनं ब्रश दिला. त्यातूनच पुढं १९९६ साली महापालिकेचा स्वतंत्र भित्तिचित्र कार्यक्रम झाला, ज्याचं नाव आज म्युरल आर्ट्स फिलाडेल्फिया.

जोड शोधा

आता ब्रॉड स्ट्रीटची गाडी धरून स्प्रिंग गार्डन स्टेशनला उतरा. वर आलात की आठ मजली चित्र दिसेल, मेग सालिगमनचं, १९९८ सालचं. आजच्या शाळकरी पोरापोरींना तिनं जुन्या चिनी मातीच्या बाहुल्यांसारखं उभं केलंय. लांबून बघा. रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर जाईपर्यंत चेहरे जुळत नाहीत.

तिथून चालत रिज अव्हेन्यू आणि ग्रीन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर जा. तीन मजली उंचीचा एक माणूस सुटाबुटात उभा आहे. हा बास्केटबॉलपटू ज्युलियस अर्व्हिंग, लोकांचा डॉक्टर जे. खेळाडू असून अंगात खेळाचा बनियन नाही, साधा सूट आहे. केंट ट्विचेलनं तो १९९० साली केला. या भिंतीपाशी मी सगळ्यांत जास्त वेळ घालवतो, कारण ही तंत्राची भिंत आहे.

हे चित्र थेट भिंतीवर रंगवलेलं नाही. ट्विचेलनं लॉस एंजेलिसहून एक पद्धत आणली. पातळ, न विणलेलं, कागदासारखं कापड घ्यायचं, इथले लोक त्याला पॅराशूट क्लॉथ म्हणतात. त्याचे साधारण पाच फुटी चौकोन कापायचे. घरात बसून रंगवायचे आणि मग ॲक्रिलिकच्या चिकट जेलनं वॉलपेपरसारखे भिंतीला डकवायचे. वर पुन्हा पारदर्शक लेप. कापड इतकं पातळ की विटांच्या सांध्यात नीट बसतं आणि रंग भिंतीचाच वाटतो.

याचा फायदा काय, ते परांचीवर चढलेल्या माणसाला लगेच कळेल. इथं डिसेंबर ते मार्च बाहेर रंग वाळत नाही, बोटं वळत नाहीत. कापडामुळे हिवाळाभर काम चालू राहतं. दुसरं असं की चौकोनावर आकार आखून आत रंगांचे आकडे टाकले की ज्याला ब्रश धरता येतो तो कुणीही भरू शकतो. शाळेतली मुलं, वृद्धाश्रमातल्या आज्या, आणि तुरुंगातले कैदी. शहराबाहेरच्या ग्रेटरफोर्डच्या तुरुंगात कैद्यांनी वर्षानुवर्षं असे चौकोन रंगवले. जे कधीच बाहेर येणार नव्हते त्यांचं काम बाहेरच्या भिंतीवर लागलं. जर्मनटाउन अव्हेन्यूवर २००४ सालच्या दोन भिंती आहेत, एक कैद्यांच्या बाजूची, दुसरी गुन्ह्यात माणूस गमावलेल्यांच्या बाजूची. दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसली, भांडली आणि मग चित्रं ठरली.

तर कुठल्याही भिंतीजवळ गेलात की तिरक्या उजेडात डोळा भिंतीला लावून बघा. पाच-पाच फुटांवर केसासारखी सरळ रेघ दिसली तर ते कापड. नसेल तर थेट रंगवलेलं. कडेला पापुद्रा सुटलाय का, मधे फुगा आलाय का तेही बघा, म्हणजे भिंतीत ओल आहे. दक्षिणेकडं तोंड असलेल्या भिंती लवकर फिकटतात. लाल आणि पिवळा आधी उडतात, निळा टिकून राहतो, म्हणून जुन्या चित्रातले चेहरे आजारी दिसतात. चित्रकाराला नावं ठेवण्याआधी सूर्य कुठून येतो ते बघावं. खालच्या कोपऱ्यात नाव, वर्ष आणि पैसे देणाऱ्यांची यादी असते, ती वाचा. खरी हकीकत बऱ्याचदा त्या यादीत सापडते.

रिज अव्हेन्यूनंच वायव्येला गेलं की गिरार्ड कॉलेजचा भला मोठा दगडी कोट लागतो. त्याच्या उत्तरेच्या रस्त्यावर पेनसिल्व्हेनियाचं स्त्रियांचं वैद्यकीय महाविद्यालय होतं. आनंदीबाई जोशी तिथं शिकल्या आणि ११ मार्च १८८६ ला डॉक्टर झाल्या. पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई आल्या होत्या. बघायला चित्र वगैरे काही सांगत नाही. पण मराठी माणूस या रस्त्यानं गेला आणि त्याला हे ठाऊक नसलं तर वाईट.

साउथ स्ट्रीट: खाली आणि गल्लीत बघा

साउथ स्ट्रीटवरून एकेकाळी मोठा हमरस्ता काढायचा बेत होता. घरं जाणार या धास्तीनं जागांचे भाव पडले, दुकानं बंद झाली, आणि स्वस्तात जागा मिळते म्हणून कलाकार आले. आयझेया झगार आणि त्याची बायको ज्युलिया १९६८ साली पेरूहून परतून इथंच आले आणि लोककलेच्या वस्तूंचं दुकान काढलं. लोकांनी विरोध केला, रस्ता रद्द झाला. झगार भिंतींवर आरशाचे तुकडे, फरशा, बाटल्या, सायकलची चाकं, कपबश्या बसवत राहिला.

त्याची मॅजिक गार्डन्स ही जागा १०२० साउथ स्ट्रीटवर आहे, तिकीट आधी काढून ठेवलेलं बरं. १९९४ पासून त्यानं ती मोकळ्या प्लॉटवर उभी केली. प्लॉट मात्र त्याचा नव्हता! २००२ मध्ये बोस्टनच्या मालकानं विकायला काढला तेव्हा लोकांनी पैसे उभे केले आणि जागा वाचवली. पण पैसे वाचवायचे असतील तर तिकिटाशिवायही चालतं. आजूबाजूच्या गल्ल्यांत शिरा, घरांच्या बाजूच्या भिंतींवर त्याचंच काम आहे. फुटक्या आरशांत स्वतःचे तुकडे दिसतात, फरश्यांत शब्द दडलेले असतात, ते जुळवत बसा. सौ.ला हे सगळ्यांत आवडतं. मला स्वतःला थोडं जास्तच भरगच्च वाटतं, पण फरशी बसवण्याचा हात पक्का आहे, हे मान्य.

शहराच्या मध्यभागी चालताना डांबरातही बघा. पुस्तकाच्या आकाराच्या किंवा त्याहून मोठ्या पट्ट्या डांबरात रुतलेल्या दिसतील, मेलेल्यांना गुरू ग्रहावर जिवंत करण्याविषयी काहीतरी विचित्र मजकूर कोरलेला. १९८० च्या दशकापासून कुणीतरी लिनोलियम कापून, वर डांबरी कागद ठेवून या गुपचूप टाकत आलंय. गाड्यांच्या चाकांनीच त्या रस्त्यात दाबल्या जातात. फोटोसाठी रस्त्याच्या मधे उभं राहू नका, इथले ड्रायव्हर आपल्यासारखे हॉर्न वाजवून सावध करत नाहीत.

पुसलेली भिंत

साउथ स्ट्रीटच्या दक्षिणेला नवव्या रस्त्यावर इटालियन मार्केट आहे. भाजीच्या गाड्या, वरती पत्र्याची छपरं, चीजच्या वासाची दुकानं, आणि आता मधेमधे मेक्सिकन आणि व्हिएतनामी. इथं १९९५ साली माजी महापौर फ्रँक रिझोचा मोठा चेहरा रंगवला होता. रिझो आधी पोलीस आयुक्त होता. इटालियन वस्तीतल्या पुष्कळांना तो आपला वाटायचा, काळ्या वस्तीतल्या लोकांना त्याच्या पोलिसांचे दंडुके आठवायचे. चेहऱ्यावर वारंवार रंग फेकला जायचा, वारंवार साफ व्हायचा. जून २०२० मध्ये, मध्यवर्ती भागातला त्याचा पुतळा हलवला गेला त्याच महिन्यात, हाही रंगवून पुसला.

पुसलेल्या भिंतीपाशी जाऊन काय बघायचं, असं सूनबाई म्हणाली. मी म्हटलं, भाजी घे तिथली, स्वस्त आहे, आणि दुकानदाराला विचार. दोन दुकानदारांनी दोन गोष्टी सांगितल्या.

माणसांशी वागायची रीत

उत्तर फिलाडेल्फियात जर्मनटाउन अव्हेन्यूवर लिली येह या चिनी वंशाच्या चित्रकर्तीनं १९८६ पासून विटामातीच्या ढिगाऱ्यांवर शेजाऱ्यांना घेऊन बागा आणि मोझेक उभे केले. तिथं देवदूतांची एक गल्ली आहे, जरूर बघा. पण या भागात एकटे जाऊ नका, कुणीतरी सोबत घ्या, दिवसाउजेडी जा आणि परतीची बस आधी बघून ठेवा. गरीब वस्ती आहे म्हणून नाही घाबरायचं, अनोळखी जागा आहे म्हणून जपायचं.

पायऱ्यांवर माणसं बसलेली असतात. आपल्याकडं कट्ट्यावर बसतात तसंच ते. तोंड फिरवून जाऊ नका, मान हलवून ‘हाउ यू डूइंग’ म्हणा, उत्तर येतंच. भिंतीचा फोटो काढताना चौकटीत माणूस आला तर आधी विचारा. मी बोर्ड पेंटर होतो असं मोडक्या इंग्रजीत सांगितलं की लोक दहा मिनिटं सोडत नाहीत. गल्लीची एक प्रमुख बाई किंवा बाप्या असतो, त्याला ब्लॉक कॅप्टन म्हणतात. झाडलोट, रस्ता बंद करून गल्लीची पार्टी, हे तो बघतो. चित्र कुठलं लागायचं यावर बैठका होतात तेव्हाही अशा माणसांचा शब्द चालतो. तो भेटला तर चित्राची अर्धी हकीकत फुकट मिळाली समजा.

आणि नुसती रंगवलेलीच कला बघू नका. दक्षिण फिलाडेल्फियात घराच्या पुढच्या खिडकीत बाया सणाप्रमाणे आरास मांडतात, तीही रस्त्याकडं तोंड करून, म्हणजे ती आपल्यासाठीच असते. हिवाळ्यात बर्फ उपसून गाडीपुरती जागा केली की लोक तिथं मोडकी खुर्ची, ट्रॅफिकचा शंकू, इस्त्रीचं टेबल, काहीही ठेवून जागा अडवतात. पोलीस दरवर्षी सांगतात की हे बेकायदा आहे. खुर्च्या काही हटत नाहीत. तुम्हीही हात लावू नका.

कामाच्या चार गोष्टी

मे किंवा ऑक्टोबर उत्तम. पिशवीत पाणी आणि पोळीभाजी ठेवा. स्वच्छतागृहासाठी रीडिंग टर्मिनल मार्केट बरं, बारावा रस्ता आणि आर्च स्ट्रीट, १८९३ पासूनचा बाजार आहे. शाकाहारी माणसाला मऊ प्रेट्झेल चालतो, वर मोहरीचा पिवळा सॉस लावून देतात. उन्हाळ्यात वॉटर आइस घ्या, बर्फाच्या गोळ्याचा मऊ भाऊ. दिवसाला दोनच भाग करा. गाडीतली अक्षरं आणि डॉक्टर जे एका दिवशी, साउथ स्ट्रीट आणि बाजार दुसऱ्या दिवशी. चायनाटाउन जेवायला ठेवा, दहाव्या रस्त्यावरची १९८४ सालची कमान बघत आत शिरा.

पोरं दुसरीकडं राहत असतील तर तिथंही हीच रीत चालते. सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागात बाल्मी ॲलीत भिंतींपेक्षा कुंपणं आणि गॅरेजची दारं रंगवलेली आहेत, तर कुणाचं दार आहे ते आधी बघा. शिकागोच्या पिल्सनमध्ये सोळाव्या रस्त्यावर रेल्वेच्या बांधाची लांबच लांब भिंत आहे, तिथं काँक्रीटची ओल बघा. लॉस एंजेलिसला जूडी बाका यांनी १९७६ पासून पोरांना हाताशी धरून पुराचं पाणी वाहून नेणाऱ्या कालव्यात अर्धा मैल इतिहास रंगवला. तो काठावरून खाली वाकून बघावा लागतो, तेव्हा टोपी हातात धरा.